सर्फस्केट
सर्फस्केट हा लाटेवरील सर्फिंगची अनुभूती जमिनीवर देणारा स्केटबोर्डचा प्रकार आहे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील सर्फर लाटा नसलेल्या दिवसांत चाके लावलेल्या फळ्यांवर सराव करीत. त्यांना हवी असलेली वळणाची लय मात्र १९९०च्या दशकात, व्हेनिस येथील ग्रेग फॉक व नील कार्व्हर यांच्या रचनेत साधली.

या बोर्डाची निवड करताना फळीच्या रंगरूपापेक्षा पुढचा ट्रक, म्हणजे चाकांचा आस फळीला जोडणारा धातूचा भाग, पाहावा. तो डावी-उजवीकडे सैलपणे फिरतो आणि मागचा ताठ राहतो. त्यामुळे खांदे व कंबर वळवून, पाय जमिनीला न लावता वेग घेता येतो. कार्व्हरच्या ‘सी७’ ट्रकमध्ये स्प्रिंगने आवरलेली फिरती भुजा असते, तर ‘सीएक्स’ अधिक साधा व हलका आहे. दोन ट्रकांमधील अंतर कमी असल्यास वळणे आखूड होतात, पण उंच व्यक्तीस पाय रोवायला जागा अपुरी पडते. फळीवर उभे राहिल्याखेरीज हे कळत नाही. चाके साधारणतः ६५ ते ७० मिमी व्यासाची व मऊ असतात, कारण खडबडीत डांबरावर कठीण चाके खडखडतात.

तीव्र उतारावर हाच सैलपणा घातक ठरतो: वेग वाढताच फळी डगमगू लागते आणि स्वार फेकला जाऊ शकतो.