विनोदवीरांचा जमाखर्च : लेखांक ५ – हशाची मालकी

गेल्या आठवड्यात आपण लंडनच्या म्युझिक हॉलमधल्या नटांची मिळकत पाहिली. प्रयोग झाला तर पैसे, आवाज बसला तर चूल थंड, असा तो रोखठोक व्यवहार. चार्ली चॅप्लिनचे आईवडील याच धंद्यातले. आई हॅनाचा आवाज गेला, वडील दारूच्या आहारी गेले, आणि १८९६ मध्ये सात वर्षांच्या चार्लीला आई आणि सावत्र भाऊ सिडनी यांच्यासोबत लँबेथच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी कामघरात, जावं लागलं. पुढे वीस वर्षांत हाच मुलगा जगातल्या सर्वांत महागड्या नटांपैकी एक झाला. गरिबीतून श्रीमंतीकडे, असं त्याचं वर्णन नेहमी केलं जातं. पण त्याचे करार एकापुढे एक मांडून पाहिले, की खरी गोष्ट पगाराच्या पुढे सुरू होते, असं दिसतं.

१९१३ मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटकमंडळीबरोबर अमेरिकेत फिरत असताना चॅप्लिनने कीस्टोन या चित्रपट कंपनीशी करार केला. आठवड्याला १५० डॉलर, म्हणजे कार्नोकडे मिळायचे त्याच्या दुप्पट. १९१४ या एका वर्षात त्याने तिथे पस्तिसेक चित्रपट केले, बहुतेक एक-दोन रिळांचे. ढगळ पँट, आखूड कोट, गोल टोपी आणि छडी हा भटक्याचा अवतार तिथलाच. वर्ष संपताना त्याने आठवड्याला हजार डॉलर मागितले. एवढे तर मलाही मिळत नाहीत, असं म्हणत कीस्टोनचा प्रमुख मॅक सेनेट याने हात वर केले. मग एसाने कंपनीने आठवड्याला १,२५० डॉलर दिले, शिवाय सही करण्याबद्दल १०,००० रोख. १९१६ मध्ये म्युच्युअलशी करार झाला तो आठवड्याला १०,००० डॉलरचा. वर सहीचे दीड लाख. वर्षाचे ६,७०,००० डॉलर, आणि वय अवघं सव्वीस. त्या काळी फोर्डच्या कारखान्यातला कामगार दिवसाला ५ डॉलर मिळवायचा आणि ती मजुरी भरघोस समजली जायची. म्युच्युअलचा हा सौदा पटवणारा माणूस होता सिडनी. वर्कहाऊसमध्ये सोबत असलेला भाऊ आता धाकट्याचा व्यवहार पाहत होता.

मात्र या तिन्ही करारांत चॅप्लिन होता सालगडीच. सालाचं ठरलेलं पदरात पडायचं, पीक मालकाचं. ते मालकाचं असणं म्हणजे काय, हे त्याला १९१६ मध्येच कळलं. एसानेसाठी त्याने ‘कार्मेन’चं दोन रिळांचं विडंबन केलं होतं. त्याने कंपनी सोडताच तिने त्याने टाकून दिलेले तुकडे जोडले, नवे प्रसंग घुसवले आणि चित्रपट दुप्पट लांब करून बाजारात आणला. चॅप्लिन कोर्टात गेला आणि हरला. त्या काळात सगळा जीव निगेटिव्हमध्ये असायचा. ती ज्याच्या कपाटात, त्याने हव्या तितक्या प्रिंट काढाव्यात, हवं तसं कापावं, हवं तेव्हा पुन्हा भाड्याने द्यावं. नटाचा चेहरा पडद्यावर कितीही मोठा दिसो, कपाटाची किल्ली त्याच्याकडे नसे.

म्हणून १९१७ चा फर्स्ट नॅशनलशी झालेला करार महत्त्वाचा. वर्तमानपत्रांनी दहा लाख डॉलरचा आकडा ठळक छापला. पण त्यातून आठ चित्रपटांचा निर्मितीखर्च चॅप्लिननेच करायचा होता. खरी मेख दुसऱ्या कलमात होती : पाच वर्षांनी चित्रपटांचे हक्क त्याच्याकडे परत. लगेच त्याने हॉलीवूडमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधला. १९१९ मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे तारे आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासोबत युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरण कंपनी काढली. आता निर्माता तोच आणि वितरणातही वाटा.

या मालकीतून त्याने सर्वांत जास्त काय विकत घेतलं असेल, तर वेळ. एकेकाळी आठवड्या-पंधरवड्याला एक चित्रपट काढणाऱ्या चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ला जवळपास तीन वर्षं घेतली. आंधळी फुलवाली भटक्याला श्रीमंत समजते, एवढ्या एका प्रसंगासाठी त्याने महिनोन्महिने चित्रीकरण केलं. पगारी नटाला हे कुणी करू दिलं नसतं. तोवर बोलपटांचं राज्य आलं होतं आणि १९३१ मध्ये मूकपट चालेल की नाही, याची वितरकांना धास्ती होती. चॅप्लिनने न्यू यॉर्कमध्ये स्वतः थिएटर भाड्याने घेतलं आणि चित्रपट चालवून दाखवला. पैशाच्या बाबतीत तो जपूनही असायचा. १९२९ चा शेअर बाजार कोसळण्याच्या आदल्याच वर्षी त्याने आपले शेअर विकून टाकले होते.

घरातला हिशेब मात्र इतका नेटका नव्हता. पहिली बायको मिल्ड्रेड हॅरिस आणि दुसरी लिटा ग्रे, दोघी लग्नाच्या वेळी सोळा वर्षांच्या. लिटाशी लग्न झालं तेव्हा तो पस्तिशीचा. त्याच्या प्रतिभेचं कौतुक करताना ही बाजू झाकायचं कारण नाही. गंमत म्हणजे संसार मोडताना कात्रीत सापडली ती निगेटिव्हच. १९२० मध्ये मिल्ड्रेडच्या वकिलांकडून ‘द किड’वर जप्ती येईल, या भीतीने तो चार लाख फुटांहून अधिक फिल्म घेऊन सॉल्ट लेक सिटीला गेला आणि हॉटेलच्या खोलीत संकलन करत बसला. १९२७ मध्ये लिटाला सहा लाख आणि दोन मुलांना प्रत्येकी एक लाख डॉलर द्यावे लागले. ‘द सर्कस’चं काम त्या धामधुमीत कित्येक महिने बंद होतं. पॉलेट गोडार्डशी झालेलं तिसरं लग्नही १९४२ मध्ये संपलं.

चौथं टिकलं. १९४३ मध्ये ऊना ओनीलशी लग्न झालं तेव्हा ती अठराची, तो चौपन्नचा. त्यांना आठ मुलं झाली. १९५२ मध्ये डाव्या विचारांच्या संशयावरून, तो इंग्लंडच्या वाटेवर बोटीत असतानाच, अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. संपत्ती तिकडे, मालक इकडे. तेव्हा ऊना एकटी परत गेली आणि बँकेतला पैसा बाहेर काढून आली. १९५३ पासून कुटुंब स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हेजवळ राहिलं. १९७७ च्या नाताळच्या दिवशी चॅप्लिन तिथेच वारला.

त्याच्या जमाखर्चाची बेरीज एका सालापाशी मांडता येते. १९१८ पासून स्वतःच्या स्टुडिओत केलेल्या चित्रपटांचे हक्क आजही त्याच्या कुटुंबाची कंपनी सांभाळते. त्याआधीचे, आठवड्याच्या पगारावर केलेले साठेक चित्रपट अनेक हातांतून फिरले, कापले गेले, वाटेल तसे जोडले गेले. नट तोच, भटका तोच. कराराचा मजकूर तेवढा बदलला होता.

पुढील आठवड्यात : बस्टर कीटन. तोही तितकाच मोठा विनोदवीर, पण चित्रपट स्वतःच्या मालकीचे नव्हते. १९२८ मध्ये तो एमजीएमच्या नोकरीत गेला, त्याचं काय झालं?