केदारची वाट आणि वडीलधारी पावले

चैत्र सरता सरता कवठे महांकाळ परिसरातील द्राक्षांचे मांडव रिकामे होतात, बेदाण्याची शेडही शांत होते, आणि वर्षभराच्या कष्टाचा पैसा हाती आलेल्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या यात्रेचा विषय निघतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चारधामची दारे उघडतात आणि शेतकऱ्याची सवडही नेमकी तेव्हाचीच असते. मग पन्नास-साठ माणसांची बस ठरते, लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात, सुनाबाळांच्या डोळ्यांत पाणी येते. या निरोपात श्रद्धा आहे, कृतज्ञता आहे. काळजीही आहे; परंतु ती काळजी बहुधा चुकीच्या गोष्टींची असते.

घरच्यांना चिंता वाटते ती पायांची. वास्तविक या भागातील साठी-पासष्टीच्या माणसाचे पाय हे त्याचे भांडवलच होय. जन्मभर रानात राबलेली, पंढरीची वाट अनेकदा तुडवलेली ही माणसे चालण्याने सहसा थकत नाहीत. अडचण असते ती हवेची. आपले गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, तेही अवघे 1,646 मीटर. केदारनाथ मात्र 3,583 मीटरांवर आहे. तेथे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच असतो. दंडोबाच्या डोंगरावर दर सोमवारी चढण्याचा सराव केला तर पिंढऱ्या कणखर होतील. विरळ हवेची ओळख मात्र त्याने होणार नाही. ती महाराष्ट्रात कोठेच होत नाही.

उंचीवर गेलेल्या शरीराला जुळवून घेण्यास दिवस लागतात, तास पुरत नाहीत. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असा वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. आता आपल्या यात्रेकडे पाहावे. हरिद्वार 314 मीटरांवर. तेथून निघालेला यात्रेकरू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गौरीकुंडाहून सोळा किलोमीटर चढून, सुमारे सोळाशे मीटर उंची एका दमात ओलांडून, केदारपुरीत झोपतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. सोबती म्हणतात, प्रवासाचा शीण आहे. हेलिकॉप्टरने जाणाऱ्याचे पाय वाचतात, परंतु शरीराला मिळणारी तेवढी सवडही जाते. 2022 साली चारधामच्या वाटेवर शंभराहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांत हृदयविकाराचे बळी मोठ्या संख्येने होते.

याच्या शेजारी कैलास-मानसरोवराची यात्रा ठेवून पाहणे बोधप्रद ठरेल. 1981 पासून लिपुलेखमार्गे सरकारी देखरेखीखाली चालणारी ही यात्रा 2020 ते 2024 बंद होती. 2025 साली ती पुन्हा सुरू झाली. वयाची मर्यादा अठरा ते सत्तर. दिल्लीत कसून वैद्यकीय तपासणी होते, वाटेत गुंजी येथे थांबून पुन्हा तपासणी होते, आणि तेथे नापास झालेल्यास परत फिरावे लागते. प्रत्येक तुकडीबरोबर सरकारी संपर्क अधिकारी असतो. ही शिस्त फुकट आलेली नाही. 18 ऑगस्ट 1998 रोजी मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत सुमारे साठ यात्रेकरू होते. अर्थात ती आपत्ती डोंगराची होती, वयाची नव्हे, आणि दरडीपुढे तपासणीचा कागद चालत नाही हेही खरे.

वयाची बंदी घाला, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. युइचिरो मिउरा हा जपानी गृहस्थ 2013 साली ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टवर गेला. केवळ वय वाढल्याने उंचीचा आजार अधिक जडतो असेही नाही. धोका असतो तो दडलेल्या हृदयविकाराचा, रक्तदाबाचा आणि घाईचा. शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिची दखल कोणतेही तपासणीपत्रक घेत नाही. म्हातारा माणूस दुखणे सांगत नाही. ‘माझ्यापायी साऱ्यांचा खोळंबा नको’ म्हणून आजी दम लागलेला लपवते. वाटेत आडोसा नसतो म्हणून पाणीच पीत नाही. त्यात सोमवारचा उपवास. आजोबा रक्तदाबाची गोळी ‘देवाच्या दारी कशाला’ म्हणून गाठोड्यातच ठेवतात. हा संकोच आणि हा भाबडेपणा विरळ हवेत जिवाशी येतो.

यात्रा नेणारे आमचे व्यावसायिक भाकरी-पिठल्याची आबाळ होऊ नये म्हणून आचारी बरोबर नेतात. उंचीचा त्रास ओळखणारा माणूस मात्र क्वचितच नेतात. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र आज बहुतेकांच्या कपाटात धूळ खात पडले आहे. ते बसमध्ये असावे. पण आकड्यावर विसंबून माणसाकडे दुर्लक्ष होऊ नये. ज्याला चालताना झोकांड्या जातात, बसल्या जागी धाप लागते, त्याला तत्काळ खाली उतरवणे हाच उपचार. सकाळच्या दर्शनापर्यंत थांबणे नव्हे. मंदिराच्या दारातून माणसाला माघारी नेणे फार कठीण असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तो निर्णय मुलाने वा शेजाऱ्याने वर पोहोचल्यावर करायचा नसतो. निघण्यापूर्वीच एकाला तो अधिकार देऊन ठेवावा आणि आजीकडून तसे कबूल करून घ्यावे.

गौरीकुंडास एक जादा मुक्काम आणि लिंचोलीस एक रात्र, एवढ्याने चढाचे तीन तुकडे होतात. खर्च वाढतो तो दोन दिवसांच्या जेवणाचा आणि निवाऱ्याचा; बस दोन दिवस उभी राहते, म्हणून तो कोणास नको असतो. येत्या हंगामाची आगाऊ रक्कम भरताना दराची घासाघीस होईलच. त्याच बैठकीत मुक्कामांचा कागद मागून घ्यावा, आणि गौरीकुंडापुढे किती रात्री लिहिल्या आहेत ते मोजावे.