गाडी वेशीवर, माणसे बाजारात

बेळगावातील गोवावेस आणि बोगारवेस ही नावे आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. परंतु त्यांतील ‘वेस’ या शब्दाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वेस म्हणजे गावाचा उंबरठा. परगावची गाडी वेशीपाशी थांबे, बैल सुटत, आणि माणूस पायी गावात शिरे. आज वेशींचे दरवाजे राहिले नाहीत, बोगारवेशीला आपण धर्मवीर संभाजी चौक म्हणतो, आणि उंबरठा ओलांडून मोटार थेट माजघरापर्यंत येऊन पोहोचली आहे. आपल्या जुन्या शहराच्या रहदारीचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची. म्हणजे आठशे वर्षांहून अधिक काळ येथे नांदते गाव आहे. पुढे किल्ल्याच्या पश्चिमेस पेठ वाढली. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंग खिंड गल्ली, कडोलकर गल्ली, समादेवी गल्ली अशा एकमेकींना बिलगलेल्या गल्ल्या झाल्या. पलीकडे सांगली संस्थानातील शहापूर आपल्या मागांच्या खटखटीसह नांदत होते. या साऱ्या वस्तीचे माप एकच होते, आणि ते म्हणजे माणसाचे पाऊल. खाली दुकान, वर बिऱ्हाड, समोरच्या ओट्यावर शेजारी आणि हाकेच्या अंतरावर देऊळ! मध्यवर्ती बस स्थानकापासून बोगारवेशीपर्यंत चांगल्या चालीने वीस मिनिटांच्या आतबाहेर जाता येते. एवढ्याशा टापूत मोटारीने शिरावयाचे, जागा शोधीत दोन फेऱ्या मारावयाच्या आणि अखेर पुन्हा चालावयाचेच, ही गोष्ट विचारी माणसास विचित्र वाटल्यावाचून राहणार नाही.

जागेचा हिशोब

रहदारीचा प्रश्न हा मुळात वेगाचा नव्हे, जागेचा आहे. एक मोटार नुसती उभी करावयास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आपल्या गल्लीतील कित्येक दुकानांचे गाळे याहून लहान आहेत! तेवढ्याच जागेत आठ-दहा सायकली सहज राहतात. चालत्या वाहनांचा हिशोब तर अधिकच बोलका आहे. शहरी रस्त्यांच्या अभ्यासकांचा आडाखा असा, की तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यावरून खाजगी मोटारींनी तासाला सहाशे ते सोळाशे माणसे जाऊ शकतात. त्याच पट्ट्यावरून पायी चालणारी आठ ते नऊ हजार माणसे जातात. म्हणजे अरुंद गल्लीत सर्वांत जास्त माणसे वाहून नेणारे साधन जर कोणते असेल, तर ते माणसाचे दोन पाय होत.

२००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केले. रस्ते वाहनांना वाट करून देण्यासाठी नसून माणसांची ने-आण करण्यासाठी आहेत, हे त्याचे मूळ सूत्र. सूत्र सोपे आहे, पण आपल्याकडे ते अद्याप कागदावरून गल्लीत उतरलेले नाही. कोंडी झाली की आपल्याला पहिला उपाय सुचतो तो रुंदीकरणाचा. ‘मास्टर प्लॅन’ हे शब्द बेळगावकरांना नवे नाहीत. घराचा दर्शनी भाग पडतो, ओटा जातो, पिढ्यांच्या दुकानाची खोली निम्मी होते. आणि रस्ता रुंद झाला म्हणून अधिक गाड्या येतात. दोन-चार वर्षांत कोंडी पुन्हा तेथेच. गेलेला ओटा मात्र परत येत नाही. भूक वाढत जाते म्हणून कुणी घराच्या भिंती पाडून स्वयंपाकघर वाढवीत बसत नाही. खाण्यालाच काही शिस्त लावतो.

आपलाच दाखला

गाड्यांवाचून बाजार कसा चालेल, असे कुणी विचारील तर त्याने दूर जाण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांनी १९०५ साली बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला. अनंत चतुर्दशीला याच गल्ल्यांतून मिरवणूक निघते आणि कपिलेश्वर तलावाकडे जाते. शिवजयंतीच्या चित्ररथांना नरगुंदकर भावे चौकापासून रात्र पुरत नाही. त्या रात्री गल्ल्या मोटारींना बंद असतात, आणि एरवी ज्या रस्त्यावर दोन रिक्षा समोरासमोर आल्या की अर्धा तास खोळंबा होतो, त्याच रस्त्यावर हजारो माणसे लेकराबाळांसह, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह उभी असतात, चालतात, खातात, खरेदी करतात. रस्ता त्या रात्री रुंद झालेला नसतो. फक्त तो माणसांना परत मिळालेला असतो. जे वर्षातून दोन-चार रात्री आपण सहज करतो, त्यातील थोडे तरी रोज का करू नये, एवढाच प्रश्न आहे.

इतर नगरांचा अनुभव

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे स्ट्रॉयेट नावाचा किलोमीटरभर लांबीचा जुना बाजाररस्ता १९६२ साली मोटारींना बंद झाला. व्यापाऱ्यांनी ओरड केली, की गिऱ्हाईक येणार नाही. गिऱ्हाईक आले, आणि रेंगाळले. मोटारीतला माणूस दुकान पाहत नाही, चालणारा पाहतो.

हॉलंडमधील ग्रोनिंगेन या जुन्या शहराने १९७७ साली केलेली युक्ती तर आपण मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. त्यांनी मध्यभागाचे चार भाग केले. कोणत्याही भागात मोटार जाऊ शके; पण एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येत नसे. त्यासाठी बाहेरच्या वळणरस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावे लागे. पायी चालणारा आणि सायकलस्वार मात्र सरळ जाई. परिणाम असा झाला, की ज्याला बाजारात काम नाही, केवळ पलीकडे जावयाचे आहे, अशा वाहनाने आपोआप बाहेरची वाट धरली. भिंत पाडावी लागली नाही, पूल बांधावा लागला नाही. काही रस्ते एकेरी झाले, काही तोंडे बंद झाली. आज त्या शहरातील अर्ध्याहून अधिक फेऱ्या सायकलीने होतात.

परदेशातील गोष्टी परदेशात, असे कुणी म्हणेल. तर दिल्लीच्या चांदणी चौकाकडे पाहावे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून २०२१ साली खुला झाला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ तेथे मोटारींना मनाई झाली. माल चढविणे-उतरविणे रात्री. पण पुढे दुचाकी पुन्हा शिरू लागल्या, पदपथ पुन्हा अडू लागले. यातून धडा असा, की नुसता फलक लावून भागत नाही. नियम पाळून घेणारा माणूस रोज उभा असावा लागतो. पुण्यात महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक या भागात पादचारी दिन साजरा केला आणि पुढेही ती प्रथा चालविली. ज्या रस्त्यावर पाऊल टाकावयास जागा नसते तेथे त्या दिवशी मुले खेळली. एक दिवस म्हणजे उपाय नव्हे. पण लोकांना काय शक्य आहे ते दाखविण्यास एक दिवस पुरतो.

बेळगावाने काय करावे?

जानेवारी २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’साठी देशातून जी पहिली वीस शहरे निवडली गेली त्यांत बेळगाव होते. त्या निमित्ताने रस्ते झाले, पदपथ झाले. आता बांधकामापेक्षा व्यवस्थेची गरज आहे.

पहिली गोष्ट, वाहनतळ वेशीवर असावेत. गोवावेस, बोगारवेस, किल्ल्याकडील बाजू अशा चहूकडच्या तोंडांशी गाडी ठेवण्याची सोय व्हावी. आणि आत गल्लीत गाडी ठेवण्याचा आकार बाहेरच्याहून जास्त असावा. आज नेमके उलट आहे: दूर ठेवील त्याला चालण्याचे कष्ट, दारात ठेवील त्याला सारे फुकट. कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाला जाणारा आपला माणूस बिंदू चौकात गाडी ठेवून तक्रार न करता चालत जातो. देवीसाठी जे जमते ते बाजारासाठी न जमण्याचे कारण नाही.

दुसरी, वेशीपासून आत दर पाच-सात मिनिटांनी लहान बस फिरावी. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये स्त्रियांना प्रवास विनामूल्य झाला. उचगाव, कडोली, येळ्ळूर येथून भाजी, दूध, लोणी घेऊन येणाऱ्या बायका बसनेच येतात. बाजाराचे खरे गिऱ्हाईक आणि खरे विक्रेते यांतील मोठा वर्ग असा बसचा आहे. मग योजना मोटारवाल्याचीच का व्हावी?

तिसरी, मालाच्या गाड्यांना वेळ ठरवून द्यावी. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी आणि रात्री मिटल्यावर. चौथी, ग्रोनिंगेनप्रमाणे जुन्या पेठेचे भाग पाडून आरपार जाणारी रहदारी बाहेर वळवावी. गल्लीत राहणाऱ्यांच्या गाड्या, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि अपंगांची वाहने यांना अर्थातच मुभा असावी.

पाचवी गोष्ट पदपथाची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची जागा मोकळी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. म्हणजे दोघे शेजारी चालू शकावेत आणि गुडघेदुखीच्या आजीला चढता यावे. हे मोजण्यास इंजिनिअर लागत नाही; शाळेतील पोरेही टेप घेऊन मोजू शकतील, आणि त्यांनी ते अवश्य मोजावे. पदपथावरील फेरीवाल्यांना हुसकून मात्र प्रश्न सुटणार नाही. २०१४ च्या कायद्याने त्यांची नोंद करून, त्यांच्याच प्रतिनिधींसह बसून जागा ठरवून देण्याची वाट घालून दिली आहे.

दुकानदाराची भीती

या साऱ्याला अडते ते एका भीतीपाशी. बाहेर मोठाली दुकाने झाली आहेत, तेथे ऐसपैस वाहनतळ आहेत. आमच्या दारात गाडी आली नाही तर गिऱ्हाईक तिकडे जाईल, असे गल्लीतील व्यापारी म्हणतो. त्याची भीती खोटी नाही. तीन पिढ्यांचे दुकान हेच त्याचे शेत. पण त्याने एक दिवस आपल्या दारातील गाडी कुणाची आहे एवढे पाहावे. बहुधा ती शेजारच्या दुकानदाराची, नाहीतर स्वतःचीच असते! वाहनतळाच्या शर्यतीत गल्ली मोठ्या दुकानांवर कधीच मात करू शकणार नाही. तेवढी जागा तिच्यापाशी नाही. तिच्यापाशी जे आहे ते त्यांच्यापाशी नाही: ओळखीचा दुकानदार, उधारीची वही, वाटेतले देऊळ, दहा दुकाने पायी फिरून निवडण्याची मौज. ते भांडवल चालणाऱ्याच्याच उपयोगाचे आहे. म्हणून सक्ती न करता, आठवड्यातून एक संध्याकाळ, एकाच गल्लीपुरता प्रयोग व्हावा. त्या दिवशीचा गल्ला दुकानदारांनीच मोजावा आणि मग बोलावे.

निपाणीला अजून वेळ आहे

निपाणीची गोष्ट थोडी निराळी. पुणे-बंगळूर महामार्ग आणि कोकणातून येणारा देवगड-निपाणी मार्ग यांनी त्या गावाला मोठे केले. तंबाखूच्या पेठेचा लौकिक या रस्त्यांवरूनच पसरला. पण बाजाराच्या दिवशी जुन्या पेठेत आता तीच ओढाताण दिसू लागली आहे. लहान गावाचा फायदा असा, की तेथे सारे अंतर पायी चालण्याचे असते आणि सवयी अजून मोडलेल्या नसतात. बेळगावाला जे परत मिळवावे लागेल, ते निपाणीला नुसते राखावयाचे आहे.

शेवटी एक स्मरण द्यावेसे वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या बंधूंसह पहिला व्यवसाय मांडला तो याच बेळगावात, आणि तो होता सायकलींचा. सायकल विकावयाची आणि ती चालविण्यास शिकवावयाचेही, असा तो उद्योग. पुढे १९१० साली ते कुंडलकडे गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता राहिला. ज्या गावाने लोकांना सायकल शिकविली, त्या गावाला चालणे आणि सायकल चालविणे पुन्हा शिकणे अवघड जाऊ नये. भाषेसाठी, शाळेसाठी आपण सीमाभागातील माणसांनी पुष्कळ झगडा केला आहे. पण भाषा नांदते ती ओट्यावर, दुकानाच्या पायरीवर, वाटेत थांबून बोलणाऱ्या दोन माणसांत. गल्लीत थांबावयास जागा राहिली, तरच ते बोलणे राहील.