न उघडणाऱ्या वर्ड फाइलमधून मजकूर कसा काढायचा?

इंदूरच्या माझ्या मावशीने दोन वर्षं खपून आजोबांच्या आठवणी टाइप केल्या. जुना लॅपटॉप देऊन टाकायचा म्हणून तिने ती फाइल झिप करून पेन ड्राइव्हवर घेतली, आणि कॉपी पुरी व्हायच्या आतच पेन ड्राइव्ह उपसला. लॅपटॉप गेला. आता झिप उघडेना. "गेलं रे सगळं," मावशी फोनवर म्हणाली.

सगळं गेलं नव्हतं. झिपमध्ये कुठली फाइल कुठे ठेवली आहे, याची अनुक्रमणिका असते. पण पुस्तकासारखी सुरुवातीला नाही, अगदी शेवटी. कॉपी अर्धवट राहिली की आधी शेपूट तुटतं, म्हणजे अनुक्रमणिकाच जाते. पानं मात्र बरीचशी जागेवर असतात, आणि आतल्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तिच्या नावाची छोटी चिठ्ठीही असते.

आणखी एक गंमत. २००७ पासूनची वर्डची डॉक्स फाइल ही स्वतःच एक झिप असते! म्हणजे मावशीकडे झिपच्या पोटात झिप होती. (म्हणूनच डॉक्स झिप करून आकार फारसा कमी होत नाही.)

आधी खराब फाइलची एक प्रत काढा. मूळ फाइलला हात लावू नका, हे नक्की पाळा. मग विनरारमध्ये बाहेरची झिप उघडून, काढताना 'कीप ब्रोकन फाइल्स'वर खूण करा. तुटकी का होईना, डॉक्स हाती येते. तिच्या नावातलं डॉक्स बदलून झिप करा आणि विनरारचं 'रिपेअर' चालवा. दुरुस्त झिपमध्ये 'वर्ड' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल. तुमचा सारा मजकूर तिथे आहे. नोटपॅडमध्ये उघडली की कंसांच्या जंजाळात आपली देवनागरी दिसते. ठळक अक्षरं, समास वगैरे विसरा.

ही फाइलसुद्धा मध्येच तुटली असेल, तर तुटल्या जागेपर्यंतचंच मिळतं. आकुंचनात पुढचा मजकूर मागच्याचा आधार घेऊन लिहिलेला असतो, त्यामुळे मध्ये खंड पडला की पुढचं लागत नाही.

वर्ड बहुधा मजकूर आधी ठेवतं, फोटो नंतर. मावशीच्या आठवणी शेवटच्या ओळीपर्यंत मिळाल्या. अकरा फोटोंपैकी चारच आले. बाकीचे आता अल्बममधून पुन्हा स्कॅन करतोय.