पाणी उकळून गार राहणारा लॅपटॉप

एप्रिलातली दुपार. बारामतीत पारा चाळिशी ओलांडून गेलेला आणि टेबलावर लॅपटॉप घोंघावतोय. काम तरी काय चाललंय त्यावर? एक एक्सेलची फाईल आणि ब्राऊझरमध्ये दहा-बारा टॅब. पण आवाज असा, की आतल्या खोलीतून विचारणा झाली, "मिक्सर कोणी लावलाय?"

पंख्याला नावं ठेवून झाली. मग भिगवण रोडवरचं एक दुरुस्तीचं दुकान गाठलं. तिथल्या पोराने स्क्रू काढले, खालचं झाकण नखाने उचकटलं, आत एक नजर टाकली आणि म्हणाला, "सर, फॅनला काय नाय झालं. नाक चोंदलंय त्याचं." चिमट्याने त्याने एक करडी पट्टी ओढून काढली. बोटभर लांब, घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट. कपड्यांचे तंतू, केस, काळ्या रानातली धूळ, गळीत हंगामात हवेतून येणारी राख, सगळं एकजीव झालेलं.

मी मात्र त्या पट्टीकडे बघतच नव्हतो. माझी नजर आतल्या एका चपट्या तांब्याच्या नळीवर अडकली होती. यंत्राच्या मधोमधून निघून ती वळण घेत कडेच्या पंख्यापाशी संपत होती. "ही कशाची?"

"हीटपाईप. पाणी असतंय तिच्यात."

पाणी? विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या पोटात? आणि ते करतं काय? तर उकळतं. लॅपटॉप गार राहावा म्हणून आत पाणी उकळत असतं! हे ऐकल्यापासून मला लॅपटॉपच्या आवाजाचा राग येईनासा झाला.

पण आधी हे बघू, की एवढी आग लागते कुठे?

प्रोसेसरची चिप साधारण अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं दार. रात्रपाळीला उसात दारं धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: एक दार फोडायचं, सरी भरू द्यायची, मग ते बांधून पुढचं फोडायचं. इथेही तेच, फक्त ही फोड-बांध सेकंदाला अब्जावधी वेळा चालते. दर वेळी विजेची एक इवलीशी सरी भरते आणि रिकामी होते, आणि दर वेळी थोडी ऊब मागे राहते. दिवसभराच्या हिशेबाचं उत्तर पडद्यावर उमटतं. त्यासाठी चिपने खाल्लेली वीज मात्र जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ४५ वॅट खाणारी चिप म्हणजे ४५ वॅटची शेगडीच.

४५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. आता ते किती जागेत कोंबलेत ते बघा. घरातली विजेची गोल शेगडी १००० वॅटची, पण ती सुमारे २५० चौरस सेंटिमीटरवर पसरलेली. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ वॅट. चिपचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर धरा. दर चौरस सेंटिमीटरला ३० वॅट! शेगडीच्या सातपट. आणि डोक्यावर तळपणारं ते एप्रिलचं ऊन? चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक दशांश वॅट. तुमच्या मांडीवर, नखाएवढ्या जागेत, दुपारच्या उन्हाच्या तीनशेपट आच असते आणि तुम्ही तिच्यावर निवांत लग्नाची पत्रिका टाईप करता.

ही आच तिथून हलवली नाही, तर काही क्षणांत चिप शंभर अंशांच्या आसपास पोचते. तिथे पोचली की ती स्वतःच आपला वेग कमी करते. ऊन चढलं की रानातली माणसं हात आवरता घेतात, तसा. मशीन तापल्यावर 'हँग' व्हायला लागतं, ते पुष्कळदा यामुळे. तो बिघाड नसतो, ते जीव वाचवणं असतं.

उष्णता हलवायची म्हणजे कुठवर? चिपच्या डोक्यावर पंखा बसवायला चपट्या लॅपटॉपमध्ये जागाच नाही. तेव्हा ती वीतभर लांब, कडेपर्यंत न्यायची. तांब्याची भरीव कांब टाकली तर? उष्णता जाईल, पण पुरेशी नाही. कढईत ठेवलेल्या उलथन्याचा दांडा आठवा, हाताच्या टोकाला चटका बसायला केवढा वेळ लागतो! काहीतरी चपळ हवं.

आणि इथे येतं पाणी. एक ग्रॅम पाणी शून्यावरून शंभर अंशांवर न्यायला १०० कॅलरी लागतात. मग त्याच उकळत्या एक ग्रॅमची वाफ करायला? ५४०! आणि एवढी उष्णता गिळूनही तापमान एका अंशाने चढत नाही. शाळेच्या पुस्तकात हिला अप्रकट उष्मा म्हणतात. नाव रुक्ष, करामत मात्र ओट्यावरच्या माठात रोज चाललेली. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वाफ म्हणजे उष्णतेची भरलेली बैलगाडीच म्हणा.

फक्त अडचण एक. पाणी उकळतं शंभर अंशांना, आणि चिप तर तिथे पोचायच्या आत गार व्हायला हवी. मग?

याचं उत्तर मला लॅपटॉपच्या पुस्तकात सापडण्याआधी आमच्या उसाच्या मुलखातच सापडायला हवं होतं. गुऱ्हाळावर काहिलीत रस उघड्यावर आटतो. तापमान शंभराच्या वर चढतं, रंग पिंगट होतो, खमंग वास सुटतो आणि गूळ होतो. साखरेला हे चालत नाही. एवढ्या आचेत ती करपेल, काळवंडेल. म्हणून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्यात जा, पाक शेवटी बंद पॅनमध्ये शिजतो. त्या पॅनमधली हवा ओढून घेतलेली असते. वरचा हवेचा दाब हटला, की पाक सत्तर अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने १८१३च्या सुमारास ही युक्ती काढली, आणि साखरेचं करपणं थांबलं.

म्हणजे शंभर अंश हा काही पाण्याचा धर्म नाही. ती फक्त समुद्रसपाटीची सवय. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांतच उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो तेव्हा १२० पर्यंत उकळत नाही. दाब सांगेल तिथे पाणी उकळतं. हवा पुरेशी काढली, तर ते तळहाताच्या उबेनेही उकळेल!

आता ती तांब्याची नळी पुन्हा बघा. हवा काढून घेतलेली, दोन्ही टोकं बंद, आणि आत पाणी चमचाभरसुद्धा नाही. चिपकडचं टोक जरा तापलं की पाण्याची वाफ. वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, कारण तिकडे गार आहे, दाब कमी आहे. तिथे पोचताच तिचं पुन्हा पाणी होतं आणि बैलगाडी रिकामी! पाणी परत कसं येतं? नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. समईची वात जशी तेल वर ओढते, तसा तो थर पाणी ओढून चिपपाशी आणतो. पंप नाही, मोटार नाही, एकही हलणारा भाग नाही. ४५ वॅट वाहून न्यायला मिनिटाला साधारण एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली तरी भागतं. तेच एवढंसं पाणी, वर्षानुवर्षं, जा-ये करत राहतं.

ही नळी कुणाला सुचली? अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरला १९४४ साली तिचं पेटंट मिळालं. तेव्हा तिची गरज कुणालाच वाटली नाही. १९६३ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने ती नव्याने शोधली, तिला 'हीटपाईप' हे नाव दिलं, आणि मग अवकाशवाल्यांचे डोळे चमकले. अवकाशात वर-खाली काही नसतं, पाणी उतारावरून परत येणार कसं? वातीला उताराची गरजच नाही! आज उपग्रहांच्या उन्हाकडच्या बाजूची उष्णता सावलीकडे नेण्याचं काम अशाच नळ्या करतात.

साखर आणि अवकाश एकाच ठिकाणी बघायचं, तर इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर डोळ्यांपुढे आणा. वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वाढलेलं हे गाव. तिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनली, आणि इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची कवचंही. उसाचा पॅन आणि आकाशात जाणारं यान एकाच गावात भेटावेत, हा योगायोग. पण पॅनमधली युक्ती आणि उपग्रहातली युक्ती मुळात एकच, हा योगायोग नाही. आणि ती तिसऱ्यांदा भेटते ती तुमच्या मांडीवर.

आता त्या बदनाम पंख्याकडे वळू. नळीच्या गार टोकाला तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पाकळ्या असतात, त्यांच्यात फट जेमतेम मिलिमीटरभर. पंखा खालून हवा घेतो आणि या फटींतून बाजूला फेकतो. विहिरीवरच्या मोटारीतलं इंपेलर कधी पाहिलंय? मधोमध पाणी घ्यायचं, गरगर फिरवायचं, कडेने फेकायचं. हुबेहूब तेच, पाण्याऐवजी हवा. मग फुटव्हॉल्व्हला शेवाळ अडकल्यावर काय होतं, तेही ठाऊक असेलच. मोटार बोंबलते आणि पाईपला पाणी करंगळीएवढं. माझ्या लॅपटॉपच्या पाकळ्यांपुढे ती घोंगडी बसली होती.

मग पंखा काय करणार? वेग वाढवणार. इथे निसर्गाचा हिशेब भारी कडक आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज लागते आठपट, आणि आवाज चढतो साधारण १५ डेसिबलने, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट. त्यात मिनिटाला ४५०० फेरे, म्हणजे सेकंदाला ७५, आणि पाती समजा तीस. सेकंदाला २२५० फटकारे. आपला कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्टीत. तो आवाज डोक्यात जातो, यात तुमचा काही दोष नाही.

आणि बारामतीचा उन्हाळा? पंखा हवेपेक्षा गार काही देऊ शकत नाही. चिप खोलीच्या हवेपेक्षा साठ अंशांनी तापत असेल, तर २५ अंशांच्या एसी खोलीत ती ८५ वर थांबते. ४० अंशांच्या खोलीत थेट १००. यंत्र तेच, काम तेच. पुण्याच्या ऑफिसात गप्प बसणारा लॅपटॉप घरी आल्यावर का ओरडतो, याचं कोडं इथे सुटतं.

दुकानातल्या पोराने पुढे जे केलं ते सगळं आता मला समजत होतं. ब्लोअर मारण्याआधी त्याने पात्यात टूथपिक अडकवलं; नाहीतर झोताने पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. मग चिपवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, मुगाच्या दाण्याएवढी. का? चिप आणि तांबं आरशासारखे गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खड्डे असतात, त्यांत हवा अडकते, आणि हवा तांब्याच्या तुलनेत उष्णता जवळपास पंधरा हजार पटींनी कमी वाहते. पेस्टने ते खड्डे भरायचे, बस्स. पोळीला तूप लावतो तशी लावायची, पिठलं वाढल्यासारखी नाही. देताना एवढंच म्हणाला, "गादीवर ठेवू नका, सर. मागनं बोटभर उचलून ठेवा." गादीवर खालची जाळी बंद होते, बोटभर उचललं की तीच हवा कमी वेगात मिळते, आणि कमी वेग म्हणजे शांतता.

घरी आलो. ओट्यापाशी आई माठ उपडा घालून बाहेरून काथ्याने खसाखसा घासत होती. आमच्या क्षाराच्या पाण्याने वर्षभरात त्याची छिद्रं बुजतात आणि पाणी गार होईनासं होतं, म्हणून उन्हाळ्यात तिचा हा नेम. "झाला का बरा तुझा मिक्सर?" तिने विचारलं.

"झाला. छिद्रं बुजली होती."

"मग घासायचा की दर वर्षी," ती म्हणाली, आणि माठ उचलून खिडकीत, वाऱ्याला ठेवला.