चायनाटाउनमधला रातांबा

सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये, स्मिथ स्ट्रीटवरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या तळघरात भाजी, मासळी आणि फळांची मोठी मंडई भरते. फरशी कायम ओली. तिथल्या फळवाल्या बाईंना सगळे ‘आँटी’ म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. त्यांनी जांभळं, लिंबापेक्षा थोडं मोठं असं एक फळ उचललं आणि उलटं करून बुडाशी उमटलेलं चिमुकलं फूल दाखवलं. पाकळ्या मोजल्या, सहा. मग दोन्ही तळहातांत धरून दाबलं, तशी जाड साल फुटली. आत पांढऱ्याशुभ्र फोडीही सहाच! मंगोस्टीनच्या बुडावर जितक्या पाकळ्या, तितक्याच आत फोडी. गिऱ्हाइकाला न फसवणारं असं दुसरं फळ मला माहीत नाही.

फोड तोंडात टाकली आणि आंबटगोड रसाच्या मागून ओळखीचं काहीतरी आलं. बोटं जांभळी झाली होती. मे महिन्यात रातांबे फोडणाऱ्या आजीची बोटं अशीच रंगायची. हा भास नव्हता. मंगोस्टीन आणि आपलं कोकम एकाच ‘गार्सिनिया’ प्रजातीतली सख्खी भावंडं आहेत. फरक इतकाच, की रातांब्याची साल आपण आमसुलांसाठी जपतो आणि इथे साल टाकून गर खातात.

त्यानंतर मी प्रत्येक अनोळखी फळाचं गोत्र विचारत सुटले. केसाळ लाल रंबुतानचं नावच मलय भाषेतल्या ‘केस’ या शब्दावरून आलेलं. ते आणि पिवळट सालीचं लोंगान ही लिचीच्या घरातली, आणि हे घर म्हणजे आपल्या रिठ्याचं. लोंगानचा पारदर्शक गर आणि आतली काळीभोर बी पाहून चिनी माणसांनी त्याला ‘ड्रॅगनचा डोळा’ म्हटलं. सापाच्या कातडीसारख्या सालीचा सालाक नारळ-पोफळीच्या गोतातला. चेंपेडाक तर फणसाचा सख्खा भाऊ, बरक्यासारखा मऊ. ड्रॅगनफ्रूट मात्र या सोयऱ्यांतलं नव्हे. ते मध्य अमेरिकेतलं निवडुंग, आता आपल्या जतच्या माळावरही पिकतं.

फसवतो तो ड्युरियन. काटे पाहून कुणीही त्याला फणसाचा भाऊ म्हणेल, पण त्याचं नातं काटेसावरीशी आहे. फुलं संध्याकाळी उमलतात आणि परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात. सिंगापुरात येणारं बहुतेक फळ शेजारच्या मलेशियातलं. तिथे ते झाडावरून उतरवत नाहीत. पिकून आपोआप पडेपर्यंत थांबतात. म्हणूनच ते ताजंच खावं लागतं. विक्रेता फळ हलवून कानाशी नेतो, सुरीने शिवण उकलतो आणि गर दाखवतो. मी ‘मुसांग किंग’ जातीचं घेतलं. गर हळदीसारखा पिवळा, लोण्यासारखा. आधी दाट गोडी, मग कडवट झाक आणि मध्येच कांद्याची आठवण. वास उग्र आहे, गंधकाच्या संयुगांमुळे. मेट्रोत ड्युरियन न्यायला बंदी आहे. पण दुसऱ्या गऱ्याला नाक मुकाट्याने मान तुकवतं. वर मंगोस्टीन खायचं, कारण ड्युरियन उष्ण आणि मंगोस्टीन थंड, असं तिथे घरोघर मानतात. आंबा पाण्यात भिजवून खाणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही फळं जिथे भेटली, त्या चायनाटाउनचं चिनी नाव आहे ‘न्यूचेश्वे’, म्हणजे बैल-गाडी-पाणी. नळ नव्हते तेव्हा ॲन सियांग टेकडीच्या विहिरींचं पाणी बैलगाड्यांतून इथे यायचं. मलय नाव ‘क्रेता आयर’, अर्थ तोच, पाण्याची गाडी. 1822च्या नगररचनेत सिंगापूरच्या ब्रिटिश वसाहतीचा संस्थापक रॅफल्स याने हा भाग चिनी वसाहतीसाठी राखला, पण वस्ती एकट्या चिन्यांची कधीच नव्हती. साउथ ब्रिज रोडवरचं श्री मरिअम्मन मंदिर 1827 सालचं, सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू मंदिर. त्याच्या गोपुरावरून शेजारच्या गल्लीला ‘पॅगोडा स्ट्रीट’ हे नाव पडलं. पुढे चुलिया, म्हणजे तमिळ मुसलमानांची जामे मशीद आणि तिच्या नावाचा मॉस्क स्ट्रीट. सॅगो स्ट्रीटवर एकेकाळी साबुदाण्याचे कारखाने होते, आपल्यासारखा टॅपिओकाचा नव्हे, तर सॅगो ताडाच्या गाभ्यातला साबुदाणा. शेजारच्या सॅगो लेनमध्ये मरणघरं होती. एकेका खोलीत दाटीने राहणारे गरीब मजूर अखेरचे दिवस मोजायला तिथे येत. 1961मध्ये ती बंद झाली. लाल कंदिलांचे फोटो काढून परतणाऱ्यांना ही गल्ली दिसतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

शाकाहारी मराठी प्रवासी अशा वस्तीत बिचकतात. त्यांनी तळघरातल्या मंडईपासून सुरुवात करावी. जून ते ऑगस्ट हा ड्युरियनचा मुख्य हंगाम. सकाळी जा, मंगोस्टीन बुडाकडून पाहून घ्या. साल दगडासारखी कडक झालेली असेल, तर ठेवून द्या. ड्युरियन मात्र दुकानापुढच्या टेबलावरच खा. हॉटेलात नेऊ देत नाहीत.