छोटे स्वयंपाकघर : काय वर, काय खाली?

2019 सालची होळी तोंडावर आली होती. दुपारची वेळ. दवाखान्यातली गर्दी ओसरत होती, तेवढ्यात शेजारचा मुलगा धापा टाकत आला. "डॉक्टरकाका, लवकर चला. आजी स्वयंपाकघरात पडल्यात."

घरी जाऊन पाहतो तर आई ओट्याजवळ जमिनीवर पडलेली. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. मी हाडांचा डॉक्टर नाही, पण निदानाला एवढे पुरेसे होते. खुब्याचे हाड मोडले होते. शेजारी प्लॅस्टिकचे स्टूल उलटे पडले होते आणि भिंतीकडेला पुरणयंत्र.

आईचे वय तेव्हा 71. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांसाठी तिला पुरणयंत्र हवे होते आणि ते माळ्यावर होते. "तू दवाखान्यात, सूनबाई शाळेत. एवढ्याशा कामाला कुणाला हाक मारायची?" असे ती नंतर म्हणाली. ते पुरणयंत्र माळ्यावर मीच ठेवले होते. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू खाली जागा कशाला अडवते, असे माझेच म्हणणे होते.

वाचकहो, रुग्णांना मी रोज सांगतो, मीठ कमी करा, तेल कमी करा. पण मिठाची बरणी कुठे असते, तेलाचा डबा कितव्या फळीवर आहे, हे मी कधी कुणाला विचारले नव्हते. आज त्याबद्दलच लिहितो आहे.

कोठीघर गेले, डबे राहिले

आमचे जुने घर वाड्यात होते. त्याला वेगळे कोठीघर होते. वर्षाचे गहू-ज्वारी, डाळी, वाळवणे, लोणच्याच्या बरण्या सगळे तिथे मावत असे. पुढे आम्ही ब्लॉकमध्ये आलो. स्वयंपाकघर दहा बाय आठ फुटांचे. कोठीघर आले नाही, पण त्यातले सामान मात्र सगळे आले. पितळी डबे, हंडा, आईच्या लग्नातली पातेली, वर्षाची बेगमी. जागा कमी पडली की वस्तू वर चढत जाते किंवा ओट्याखाली सरकत जाते. वर चढली की पडण्याचा धोका, खाली सरकली की ओल आणि लहान मुलांचे हात. गावोगावच्या नव्या घरांत हेच चालले आहे.

आई रुग्णालयात असताना सौ.ने आणि मी एका रविवारी स्वयंपाकघर पूर्ण रिकामे केले. सगळे सामान हॉलमध्ये मांडले. तीन झारे, दोन पुरणचाळण्या, झाकण नसलेले सात डबे आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे तर मोजलेच नाहीत. जागा वाढवायचा पहिला उपाय हाच. नवी फळी ठोकण्याआधी जुने सामान मोजा. वर्षभरात ज्याला हात लागला नाही, ते ज्याला लागेल त्याला देऊन टाका. निम्मी अडचण तिथेच सुटते.

रोजचे हाताशी, जड खाली

मग आम्ही एकच नियम ठरवला. कमरेपासून खांद्यापर्यंतची जागा घरात सर्वांत मोलाची. तिथे फक्त रोजच्या वस्तू. चहा, साखर, पीठ, तांदूळ, डाळ, मिसळणाचा डबा, रोजची दोन पातेली. जे जड आहे ते कमरेच्या खाली. कुकर, तेलाचा डबा, मिक्सर आणि हो, पुरणयंत्रसुद्धा. खांद्याच्या वर फक्त हलके आणि क्वचित लागणारे. माळ्यावर काय चढवायचे आणि काय उतरवायचे हे घरातल्या धडधाकट माणसाने सणाच्या आठवडाभर आधी बघावे. आयत्या वेळी म्हाताऱ्या माणसाला स्टुलावर चढायची पाळी येऊ नये.

चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, बायकांची हाडे ठिसूळ होत जातात. तरुणपणी ज्या पडण्याने नुसते खरचटले असते, त्याच पडण्याने या वयात खुबा मोडतो. त्यानंतर माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. म्हणूनच शस्त्रक्रिया करून लवकर उभे करावे लागते.

कमी जागेत जास्त मावावे म्हणून आणखी काही साध्या गोष्टी केल्या. भिंतीवर नऊ इंच रुंदीच्या फळ्या बसवल्या. एका फळीवर डब्यांची एकच रांग, म्हणजे मागचे काढायला पुढचे उतरवावे लागत नाही. गोल डब्यांच्या मध्ये जागा फुकट जाते, म्हणून नवे डबे चौकोनी घेतले. पळी, झारा, किसणी, चाळणी खुंट्यांना टांगली. पातेली एकात एक बसवली. वर्षाचे गहू भरणे थांबवून महिन्याचे आणू लागलो. आईला हे शेवटचे फारसे पटले नाही, पण कोठी रिकामी झाली तशी ओट्याजवळ वावरायला जागा झाली.

ओट्याखाली काय सापडले?

खरा धक्का पुढेच होता. सिंकखाली बटाट्याच्या टोपलीला खेटून सरबताची बाटली होती. उघडून हुंगली तर फिनेल! शेजारी उंदरांचे औषध. माझ्या बहिणीचा मुलगा सुटीत आमच्याकडे येतो, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. सरबताच्या बाटलीत सरबतच असते, एवढेच त्या वयाला कळते.

फिनेल, ॲसिड, रॉकेल, कीटकनाशके खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. ती मूळ बाटलीतच, स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात हवीत. चुकून मुलाने प्यायलेच, तर त्याला उलटी करायला लावू नका, मिठाचे पाणी पाजू नका. रॉकेलासारखे द्रव उलटीबरोबर फुफ्फुसात जाते आणि अधिक घात करते. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. ती बाटली बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठा.

काही घरांत धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात वापरायच्या विषारी गोळ्या कोठीत टाकतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सुटतो आणि त्या विषावर उतारा नाही. माणसे झोपतात त्या घरात या गोळ्या नकोतच. धान्य कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. डाळीला एरंडेल चोळण्याची जुनी पद्धतही चांगली.

ओल आणि उष्णता

कोठीच्या तळाशी शेंगदाण्यांची पिशवी होती. निम्मे दाणे काळपट-हिरवे पडलेले. आपण असे दाणे निवडून बाकीचे भाजून कुटात घालतो. दमट जागी शेंगदाण्यावर, मक्यावर जी बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते आणि घरच्या भाजण्या-शिजवण्याने पूर्ण जात नाही. 1974 साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन कावीळ झाली आणि 100 हून अधिक माणसे दगावली. बुरशी आलेले दाणे थोडे असले तरी पिशवीच टाकून द्यावी. डबे जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकवू नयेत, खाली फळी असावी.

बटाटे अंधाऱ्या जागी ठेवावेत. उजेडात ते हिरवे पडतात आणि त्या हिरवेपणाबरोबर पोटाला बाधणारे द्रव्यही वाढते. कांदे वेगळे, वारा लागेल अशा टोपलीत किंवा शिंक्यावर. तेल आणि मसाले शेगडीच्या वरच्या फळीवर नकोत, उष्णतेने तेल खवट होते. औषधेही तिथे नकोत. माझ्याच घरात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या शेगडीशेजारच्या खणात होत्या!

गॅसबद्दल दोनच शब्द. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवावा आणि कपाटात असेल तर कपाटाला तळाशी हवा जाण्यासाठी भोके हवीत. जागा आहे म्हणून सिलिंडरभोवती रद्दी आणि पिशव्या कोंबू नयेत.

पहिला चहा

आई घरी आली तेव्हा वॉकर घेऊन चालत होती. आम्ही तिला स्वयंपाकघरात जाऊ देत नव्हतो. दोन महिने तिने ऐकले. मग एका सकाळी मला ओट्यावर भांड्यांचा आवाज आला. जाऊन पाहतो तर एक हात वॉकरवर, दुसऱ्या हाताने साखरेचा डबा काढलेला. डबा तिच्या कमरेच्या उंचीवरच होता. ती म्हणाली, "सगळी मांडणी बदललीस, पण सापडलं हो सगळं." त्या दिवशीचा चहा तिने केला. साखर जरा जास्तच पडली होती. मी काही बोललो नाही.

वाचकहो, या रविवारी एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला स्वयंपाकघरात उभे करा आणि चहा, साखर, मीठ काढायला सांगा. नंतर घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या उंचीवर बसून त्याच्या हाताला काय काय लागते ते पाहा. कोणता डबा कुठे जायला हवा, हे दोन मिनिटांत कळेल.